टीव्हीची मागची बाजू

"बाबा, फोन जरासा वर घ्या. अजून. हां, आता डावीकडे."

"माही डावी का टीव्हीची डावी?"

"तुमची, बाबा."

"मी टीव्हीच्या मांगं तोंड खुपसून हावो ना बापा. मांगून डावी कोणती अन् उजवी कोणती, मले काय समजते?"

शेषराव तायडे स्टुलावर उभे होते. एक गाल भिंतीला घासलेला, एक हात टीव्ही आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कोपरापर्यंत गेलेला, दुसऱ्या हातात फोन. फोनवर हैदराबादहून त्यांचा मुलगा सुगत बोलत होता. फोनचा मागचा कॅमेरा चालू होता, त्यामुळे सुगतला दिसत होती टीव्हीची पाठ आणि शेषरावांना दिसत होता सुगतचा चेहरा.

"तीन नंबरचं पोर्ट पाहा. बाजूले बारीक अक्षरात ई-एआरसी लिहेल असन."

"बारीक अक्षरं समोर धरली तरी मले दिसत नाही. अन् हा म्हणते, भिंतीत घुसून वाचा."

"मंग चाचपून पाहा. वरून तिसरं."

शेषरावांनी चाचपलं. तारेचं टोक दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा कुठेतरी जाऊन रुतलं. "बसली!" ते ओरडले. "काय वं, काय दिसून राहिलं?"

हा प्रश्न खाली उभ्या असलेल्या इंदूबाईंना होता. त्यांच्या दोन्ही हातांत एकेक रिमोट होता आणि तिसरा काखेत.

"काळं दिसून राहिलं," इंदूबाई म्हणाल्या. "नो सिग्नल."

इंग्रजीशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, पण हे दोन शब्द दिवाळीपासून त्यांना पाठ झाले होते.

"बाबा, तार दुसऱ्या पोर्टात गेली असन. काढा अन् परत..."

"आता नाही काढत मी," शेषराव म्हणाले. "मान लागली माही." आणि त्यांनी फोन बंद केला.

शेषरावांची सगळी नोकरी अकोल्याच्या बसस्थानकावर गेली. ते वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या. अकोट, तेल्हारा, हिवरखेड, दर्यापूर, अमरावती. उन्हाळ्यात गाडी उशिरा आली की प्रवासी खिडकीशी येऊन त्यांनाच शिव्या द्यायचे, जशी काही गाडी शेषरावांनी खिशात लपवून ठेवली आहे. हॉर्न, इंजिनं आणि भांडणं ऐकता ऐकता निवृत्तीच्या सुमारास त्यांचे कान मंदावले. बातम्या ऐकू येत, कारण बातम्या देणारे ओरडत. पण मालिकांमधली माणसं हळू बोलत, आणि जे महत्त्वाचं ते तर कुजबुजत. मग शेषराव आवाज वाढवत. शेजारचे चंद्रभान गावंडे एकदा फाटकातूनच म्हणाले होते, "शेषराव, आमी आजकाल टीव्ही लावतच नाही. तुमचाच ऐकतो."

पावसाळ्यात सुगत चार दिवस घरी आला तेव्हा त्याने हे पाहिलं. सुगत हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. त्याने कानाच्या मशीनचं नाव काढलं, तर शेषराव म्हणाले, "मी काय म्हातारा झालो काय?" त्यावर सुगतने तो विषय सोडला. दसरा झाला आणि एक दिवस दारात टेम्पो थांबला.

खोके उतरत गेले, उतरतच गेले. पासष्ट इंची टीव्ही. पाच स्पीकर. स्टुलाएवढा एक वूफर. आणि एक काळा, जड, लोखंडी डबा. सगळ्या तारा यात येऊन मिळतात, यालाच रिसीव्हर म्हणतात, असं सुगतने फोनवर समजावलं. चंद्रभान बनियनवरच बाहेर आले आणि खोक्यांभोवती फिरले.

"सारं सुगतनं पाठवलं काय?"

"मंग! हैदराबादहून," शेषराव म्हणाले. आवाज जरा मोठाच होता. कान मंद असलेल्या माणसाचा आवाज मोठा असतोच, पण तेवढंच कारण नव्हतं.

"पोरगं असावं तर असं," चंद्रभान म्हणाले. समोरच्या गॅलरीतूनही कोणीतरी मान हलवली.

त्यानंतर जे सुरू झालं ते संपेना.

कंपनीचा माणूस आला. त्याने टीव्ही भिंतीवर टांगला, सही घेतली आणि निघाला. स्पीकरचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, "ते आमच्याकडे येत नाही काका. ऑडिओ वेगळा." जुना डिशचा डबा लाल-पांढऱ्या-पिवळ्या तारांचा होता. नव्या टीव्हीला तशी भोकंच नव्हती. म्हणजे डिशचा डबा नवा आला. मग जठारपेठेतल्या प्रीतमला बोलावलं. डिश, कॅमेरे, इन्व्हर्टर, सगळं बसवून मिळेल, अशी त्याच्या दुकानावर पाटी होती. प्रीतमने रिसीव्हर फिरवून त्याची पाठ पाहिली आणि म्हणाला, "बापरे."

"काय झालं?" इंदूबाईंनी विचारलं.

"काही नाही काकू. भोकं गंज आहेत. एवढी भोकं कोण्या डब्याले नसते."

प्रीतम प्रत्येक वेळी नवीन वस्तूची गरज घेऊन यायचा. टीव्ही या भिंतीला आणि काळा डबा त्या कपाटात, म्हणजे तार लांब हवी. लांब तार आणली, तर चित्र मधेच काळं पडू लागलं. प्रीतम म्हणाला, ही तार साधी आहे, या टीव्हीला वरच्या नंबरची तार लागते. ती अमरावतीहून मागवली. तिची किंमत ऐकून इंदूबाईंनी कपाळाला हात लावला. "एका वायरीचे? एवढ्यात तर आमच्या लग्नात बँड आला होता." मग डबा तापतो म्हणून कपाटाचा वरचा कप्पा कापावा लागला. सुताराने कापला तो वाकडा. मागचे दोन स्पीकर स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि त्यांच्या तारा उंबऱ्यावरून गेल्या. इंदूबाई रोज एकदा तरी त्यात अडखळायच्या.

"माह्या घरात मीच पाय उचलून चालू काय?" त्या म्हणत. "पयलेचा टीव्ही काय वाईट होता? बटन दाबलं की लागे."

पयलेचा टीव्ही शेषरावांनी मोठ्या मनाने प्रीतमला देऊन टाकला होता.

शिवाय आता घाई होती. अमरावतीहून सुगतसाठी एक स्थळ आलं होतं. मुलगी शिक्षिका होती. तिचे वडील संघपाल इंगळे यांनी महिन्याच्या शेवटच्या रविवारी घर पाहायला येतो म्हणून कळवलं होतं. समोरच्या भिंतीवर एवढा मोठा टीव्ही आणि त्यावर नो सिग्नल, हे शेषरावांना सहन होण्यासारखं नव्हतं.

प्रीतमला लग्नसराईची कामं लागली आणि तो फोन उचलेनासा झाला. तेव्हा सुगतने काम हातात घेतलं. तो फोनवरून सांगायचा, शेषराव करायचे. रोज तासभर, कधी दोन तास. शेषराव चिडायचे. फोन आपटायचे. पाच मिनिटांनी सुगतचाच फोन परत यायचा. "हां बाबा, आता आपण दुसरं काहीतरी करून पाहू." लहानपणी साध्या बेरजेवरून वही फेकणारं हे पोरगं एवढं शांत कसं झालं, याचं शेषरावांना नवल वाटायचं.

एक दिवस आवाज मोजायचा होता. काळ्या डब्यासोबत एक बारकासा माइक आला होता. तो सोफ्यावर, शेषरावांचं डोकं असतं त्या जागी ठेवायचा, आणि मग स्पीकर एकामागून एक सूं-सूं करून खोली मोजणार, असं सुगत म्हणाला. खोलीत अजिबात आवाज नको. शेषरावांनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. पहिल्यांदा मोजणं सुरू झालं आणि गल्लीत भंगारवाल्याचा भोंगा वाजला. स्क्रीनवर अक्षरं आली. सुगतने वाचून सांगितलं, "खोलीत आवाज फार आहे म्हणते." दुसऱ्यांदा सुरू केलं, तर कुकरची शिट्टी झाली.

"अवं, बंद कर ना ते!"

"वरण शिजून राहिलं. कच्चं खासान काय?"

तिसऱ्यांदा सगळं नीट चाललं. चार स्पीकर झाले, पाचवा सुरू झाला आणि चंद्रभान दारातून आत डोकावले. "लागला काय जी टीव्ही?"

शेषरावांनी दोन्ही हात जोडले. चंद्रभानांना वाटलं, नमस्कार केला. तेही "जयभीम" म्हणाले आणि सोफ्यावर, बरोबर त्या माइकवर डोकं टेकून बसले.

आणि फोनमध्ये सुगत हसला. खूप हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेषराव चिडलेलेच होते, पण त्या हसण्याकडे ते पाहत राहिले. बरेच दिवसांत त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

शेवटी कसं कोण जाणे, एका संध्याकाळी ते लागलं. तिसऱ्या पोर्टात योग्य तार, योग्य रिमोटवर योग्य बटण, आणि अचानक खोली आवाजाने भरली. इंदूबाईंची मालिका चालू होती. सासू दाराआडून सुनेबद्दल काहीतरी कुजबुजत होती आणि शेषरावांना ते ऐकू आलं. शब्द न् शब्द.

"अवं, ही तर विष कालवून राहिली!" ते म्हणाले.

"सहा महिने झाले ते," इंदूबाई म्हणाल्या.

शेषरावांनी सुगतला फोन करून सांगितलं. "लागला राजा. एकदम फसकलास." सुगत म्हणाला, "वा. बरं झालं बाबा." मग थोडा थांबून म्हणाला, "म्हणजे आता काही राहिलं नाही." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. इंदूबाईंनी लावला, तर दोन वाक्यं बोलला. जेवलो, बरा आहे. एवढंच.

मंगळवारी सकाळी वीज गेली आणि आली. टीव्ही लागला, पण स्पीकर मुके. काळ्या डब्यावर कसलासा लाल दिवा लुकलुकत होता. शेषरावांनी सगळ्या रिमोटांची सगळी बटणं दाबली, मग डब्याला एक थाप मारली, मग सुगतला फोन लावला. पहिली घंटी पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

"गेला ना आवाज?" सुगतच्या बोलण्यात जीव आला होता. "चिंता नका करू. थांबा, मी डायग्राम काढतो. स्टूल घ्या तुमी."

शेषराव स्टूल आणायला स्वयंपाकघरात गेले, तेव्हा इंदूबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

"अवो, आज वार कोणता?"

"मंगळवार. कावून?"

"अकरा वाजले. त्याले हापीस नसते काय?"

"घरून करते तो काम आजकाल."

"काम करते तर घंटा-घंटा तुमच्या तारा कायले पाहते? पयले माह्यासंग बोलाले पाच मिनिटं नव्हते त्याच्यापाशी." इंदूबाईंनी भाजीतून मान वर केली नाही. "अन् त्याची दाढी पायली काय? अन् तेच टीशर्ट?"

"तू भाजी निवड," शेषराव म्हणाले आणि स्टूल घेऊन आले.

ते वर चढले. गाल भिंतीला लावला, हात फटीत घातला, फोन समोर धरला. फोनमध्ये सुगतचा चेहरा होता. दाढी खरंच वाढली होती. मागे नेहमीची खिडकी, तिला तोच अर्धा पडदा.

"तीन नंबरची तार काढा अन् परत लावा, बाबा."

शेषरावांनी तार चाचपली, पण काढली नाही.

"सुगत, तुले काम नाही काय आज?"

"हाय ना. मीटिंग झाली आताच. तुमी तार..."

"काल?"

"काल बी होतं."

"रविवारी अमरावतीवाले येऊन राहिले. पोरीचा बाप पयले हेच इचारीन, पोरगं काय करते. मी काय सांगू त्याले?"

सुगतला समोर टीव्हीची पाठ, धूळ आणि बापाची बोटं एवढंच दिसत होतं. म्हणून असेल, आपल्याला कोणी पाहत आहे हे तो विसरला. त्याने खालचा ओठ दातांत धरला. मग टीशर्टच्या खांद्याला डोळे पुसले, एक, मग दुसरा, शाळेत असताना पुसायचा तसे.

"काम गेलं, बाबा."

शेषरावांचा हात फटीतच राहिला.

"कधी?"

"दिवाळीच्या पयले. पूर्ण टीमच काढली आमची. सकाळी मेल आला अन् दुपारी लॅपटॉप जमा. तवापासून पाहूनच राहिलो दुसरीकडे. इंटरव्यू होते, मंग कळवतो म्हणते, मंग काहीच नाही."

"मंग हे कायले पाठवलं, बापा? एवढा खर्च?"

"ते आधीच बुक केलं होतं. परत देता आलं असतं, खोके फोडले नसते तर." सुगत थांबला. "खोके उतरले त्याच दिवशी मी फोन केला होता ना तुमाले. सांगणारच होतो. पण तुमी उचलल्या-उचलल्या म्हणाले, साऱ्या गल्लीनं पायलं, चंद्रभान काकाजी म्हणते पोरगं असावं तर असं. मंग मी म्हटलं, राहू द्या."

शेषरावांना तो फोन आठवला. त्या दिवशी आपणच बोलत होतो. काय, कसं, किती इंची. सुगतने मध्ये दोनदा 'बाबा' म्हटलं होतं, तेही आठवलं. तेव्हा वाटलं होतं, पोरगं खुश आहे.

खांदा दुखायला लागला होता. हात बाहेर काढला तर चित्र हलेल, मग त्याला कळेल आपण काय पाहतो आहोत, म्हणून त्यांनी तो काढला नाही. राग आला, आणि तो समोर होता त्या वस्तूवर निघाला.

"हे पाय, मले हे यंत्र जमत नाही. डोकं उठलं माहं. किती दिवस फोनवरून शिकवशीन? तू इथं ये अन् तुह्या हातानं लाव."

"बाबा..."

"खोली सोडून दे तिथली. सामान घेऊन ये."

"लोक काय म्हणतीन?"

"लोकांचं मी पाहतो."

"अन् अमरावतीचं?"

"ते बी मीच पाहतो. तू गाडीत बस."

फोन ठेवून ते स्टुलावरून उतरले, तर इंदूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एक पाय उंबऱ्याच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये त्या तारा. फोनचा आवाज शेषराव नेहमी पूर्ण वाढवून ठेवत. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"कोणत्या गाडीनं येते?" त्यांनी विचारलं.

संध्याकाळी शेषरावांनी अमरावतीला फोन लावला. संघपाल इंगळ्यांनी आधी तब्येत विचारली, मग हवापाणी. शेषराव म्हणाले, "इंगळेसाहेब, एक सांगाचं होतं. पोराची नोकरी गेली. दुसरी पाहून राहिला, पण आज नाही. तुमी रविवारी यावं का नाही यावं, तुमची मर्जी. पण आले अन् मंग समजलं, असं नको." मग इंगळे म्हणाले, "बरं केलं सांगतलं ते. घरी बोलतो अन् कळवतो." 'कळवतो' म्हणजे बहुतेक नाहीच, हे शेषरावांना ठाऊक होतं. त्यांनी फोन ठेवला आणि चहा मागितला.

हैदराबादच्या काचीगुडा स्टेशनहून येणारी गाडी सकाळी अकोल्यात शिरली, तेव्हा थंडी बरीच होती. शेषराव मफलर बांधून फलाटावर उभे होते. सुगत उतरला. दोन मोठ्या बॅगा, पाठीवर एक पिशवी, आणि काखेत दोरीने बांधलेली गादी. शेषराव त्या गादीकडे पाहत राहिले. सुट्टीला येणारं माणूस गादी आणत नाही. सुगत पाया पडायला वाकला, पण गादी आड आली. "राहू दे," म्हणत शेषरावांनी एक बॅग उचलली.

ऑटोत दोघं फारसं बोलले नाहीत. "झोप झाली काय?" "झाली." "गाडीत थंडी असन." "हो." एवढंच.

ऑटो गल्लीत थांबला तेव्हा चंद्रभान फाटकाशी पेपर वाचत उभे होते. गादी पाहायच्या आधी त्यांनी सुगतला पाहिलं.

"अरे, सुगत! टीव्ही लावाले आला काय खास? तुह्या बापाचं डोकं पार फिरवलं रे तू. किती दिवसाची सुट्टी?"

सुगतने तोंड उघडलं. "चार..."

"सुट्टी नाही चंद्रभानजी," शेषराव म्हणाले. ऑटोवाल्याला पैसे देत होते, तिकडेच पाहत होते. आवाज नेहमीसारखाच, समोरच्या गॅलरीपर्यंत जाईल असा. "काम सुटलं त्याचं. घरी राहाले आला."

चंद्रभानांनी पेपरची घडी घातली. परत उघडली. परत घातली. मग तो फाटकाच्या सळ्यांमध्ये खोचून ते बाहेर आले आणि म्हणाले, "गादी इकडे दे."

दोघे म्हातारे सामान घेऊन पुढे गेले. आतून इंदूबाईंनी दार उघडलं, तशी फोडणीची वाफ बाहेर आली. सुगत पायरीशी थांबला. बुटाची नाडी सोडायला तो खाली वाकला, आणि नाडी सुटल्यावरही बराच वेळ तसाच वाकून राहिला.